खडकातली टकटक

तीर्थरूप मावशीस,

दातांच्या दवाखान्यात बुडालेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिना चढत नाही असं कळवू नकोस, चढतेस ते ठाऊक आहे.) चाळीस वर्षं तू शाळेत जीवशास्त्र शिकवलंस, म्हणून हे गाऱ्हाणं तुझ्यापुढेच घालतो.

समुद्री माशांच्या टाकीसाठी मी पोवळं चिकटलेला एक खडक आणला. आणला एकटा, पण आला तो बिऱ्हाडासकट. आठवड्याभरात त्यावर काचेसारखं पारदर्शक, इवलंसं समुद्रफूल (फूल नावापुरतं, आहे तो प्राणी) उगवलं. ते पोवळ्यांना डसतं असं वाचून मी नखं कापायच्या कात्रीनं त्याचा निकाल लावला. पुढच्या रविवारी सात झाली! (तुकड्यातुकड्यातून नवं उगवतं, हे तू शिकवलं असशीलच, मी तेव्हा खिडकीबाहेर बघत असणार.) मग एक लालसर केसाळ अळी दिसली. ती बोटानं बाजूला करायला गेलो, तर ते केस निघाले काटे. बोट असं टम्म सुजलं की दोन दिवस पेशंटच्या तोंडात मावेना. बायकोनं चिकटपट्टी लावून काटे उपटले. उपटताना ती काय बोलली, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.

एवढ्यात घरात टकटक सुरू झाली. नळवाल्याला बोलावलं. त्यानं पाइपांना कान लावले, भिंतीला लावला, शेवटी टाकीला लावला आणि म्हणाला, "डॉक्टर, नळ ठणठणीत आहेत. तुमचा दगड वाजतोय."

त्या गडबडीनं सासूबाई खोलीबाहेर आल्या. आपलं घर आवरून त्या आमच्याकडे आल्या त्याला आठ महिने झाले, पण 'हो', 'नको' आणि 'जेवले' यापलीकडे बोलणं नव्हतं. त्या दिवशी चष्मा लावून टाकीसमोर बसल्या त्या बसल्याच. दुपारी मी जेवायला आलो तर म्हणाल्या, "अहो, त्याला डोळे आहेत. देठावर! एक तुमच्याकडे बघतोय, एक माझ्याकडे." तेवढ्यात बिळातून एक ठोसा आला आणि आमच्या टाकीतल्या गोगलगाईच्या शंखाचा चुरा झाला.

पुस्तकं चाळून मी ओळख पटवली: ठोसे मारणारी एक कोळंबीसारखी जात. मासेवाला दुकानदार म्हणाला, "काढून फेका, नाहीतर एक गोगलगाय ठेवणार नाही." घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई ताडकन म्हणाल्या, "नव्या घरात आलेल्याला असं हाकलतात का?"

मी दगडासकट त्या प्राण्याला छोट्या टाकीत घालून सासूबाईंच्या खिडकीशी ठेवलं. आता रोज दुपारी त्या त्याची सकाळपासूनची हकीकत सांगतात आणि मी शेजारी बसून जेवतो.

तुझा,
भाचा

ता. क. ओळख पटली आहे, तेव्हा तुला विचारायचं असं काही उरलेलं नाही. विनंती वेगळीच. सासूबाई तुला पत्र घालणार आहेत. प्राणी अतिशय दुर्मिळ आहे, रोज नोंद ठेवायलाच हवी, असं ठोकून दे. नाहीतर त्या पुन्हा खोलीचं दार लावून घेतील.

ता. क. (सासूबाईंकडून) पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. रागावू नका. हा प्राणी काही दुर्मिळ नाही, मी पुस्तकात पाहिलंय. पण जावयांना कळू देऊ नका. पूर्वी ते उभ्याउभ्या चार घास गिळून पळायचे, आता अर्धा तास बसून जेवतात. तेव्हा थाप मारायचीच असेल, तर चांगली मोठी मारा.