टम्म टायर आणि साडूभाऊंचा पट्टा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त अर्धाच, उरलेला बरा झालो की प्रत्यक्ष घालीन). तुझा गुडघा कसा आहे? वहिनीचा खोकला थांबला का? तिला सांग, ही गेले चार रविवार तुमच्याकडे शिवण शिकायला येते, पण अजून उशीचा एक अभ्रासुद्धा आमच्या घरात आलेला नाही. बाकी आम्ही मजेत, म्हणजे ही मजेत आहे. तुझी जीपही तशी सुखरूप आहे. तिच्याविषयी सविस्तर पुढे येईलच. उभा असशील तर बस.

जीप मागताना मी तुला दुकानाचं सामान हलवायचंय असं सांगितलं होतं. ती थाप होती. खरं कारण आमचे साडूभाऊ, हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दातांचे डॉक्टर ते, पण चारही चाकांना जोर असलेली नवी उंच गाडी घेतल्यापासून आमच्या जेवणात दुसरा विषय नाही. भाऊजी दगडावर कसे चढले, भाऊजींनी गाडी ओढ्यातून कशी काढली! मी अठरा वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, एका गिऱ्हाइकाचा नंबर चुकलेला नाही, पण त्याचं कौतुक हिने कधी केल्याचं आठवत नाही. जळतो मी, दादा. आडपडदा कशाला! म्हणून साडूभाऊंनी नदीच्या कोरड्या पात्रात गाडी घालायची टूम काढली, तेव्हा मीही माझ्या गाडीने येतो असं बोलून बसलो. माझी गाडी म्हणजे तुझी जीप, हे ओघाने आलंच.

जाताना ही बसली त्यांच्या गाडीत. (म्हणे ताईशी बोलायचंय!) मी एकटा मागून, त्यांची धूळ खात. तेव्हाच मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, येताना ही माझ्या शेजारी बसलेली असली पाहिजे.

आता एक कबुली. निघण्याआधी पंपावर मला आपले टायर त्यांच्यापेक्षा मरतुकडे वाटले. हवा भरणाऱ्याला म्हटलं, भर, अगदी टम्म. जायचंय कुठे, असं त्याने विचारलं, तर मी म्हटलं, तुला काय करायचंय? आणि वाळूपाशी पोचतो तो काय, साडूभाऊ उकिडवे बसून आपल्या चाकांतली हवा सोडतायत! म्हणाले, "वाळूत चाक पसरट हवं. तुमचीही सोडू का?" मला वाटलं, हा माणूस माझ्या टायरांवर जळतोय. म्हटलं, राहू द्या, मला सवय आहे. सवय कसली डोंबलाची! आजवर मी दुकानासमोरचा गतिरोधकसुद्धा जीव मुठीत धरूनच ओलांडलाय.

वीस पावलं गेलो असेन. जीप थांबली, चाकं थांबेनात. मी पाय आणखी दाबला, कारण ही बघत होती. जेवढा दाबावा तेवढं मागचं बूड खाली. (गिअरशेजारचा तो दुसरा बुटका दांडा ओढला की चारही चाकांना जोर येतो, हे तू कधी बोलला नाहीस. मी त्याला फराळाची पिशवी अडकवली होती.) साडूभाऊ हसले असते तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यांनी मुकाट्याने ओढायचा पट्टा काढून एक टोक मला दिलं. हूक कुठे असतो हे त्यांना विचारायचं जिवावर आलं, म्हणून समोर जे दणकट दिसलं त्यालाच अडकवलं. "जरा ताण बसेल हं," ते दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले आणि गाडी पुढे घेतली. दाढ निघावी तसा तुझा बंपर निघाला. जीप जागच्या जागी.

मग ही आली. मला म्हणाली, उतरा जरा. मला चाकांपुढची वाळू उपसायला लावली, चारही टायरांची हवा सोडली, पिशवी माझ्या हातात दिली, तो बुटका दांडा खटकन ओढला आणि अगदी सावकाश जीप बाहेर काढली. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परतही आली! साडूभाऊ टाळ्या वाजवत म्हणाले, "वा! हात किती हलका आहे हो!" माझ्या बायकोला, माझ्यादेखत! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. येताना ही माझ्या शेजारी होती, ठरवल्याप्रमाणे. फक्त गाडी ती चालवत होती आणि बंपर माझ्या मांडीवर होता.

कळावे. तुझा लोभ बंपर असताना होता तेवढाच राहावा.

तुझा धाकटा

ता. क. – बंपर आधीपासूनच ढिला होता, असं हिला एकदा सहज बोलता बोलता सांगशील का?

आणखी ता. क. – खरं काम हे. मला शनिवारी सकाळी गुपचूप शिकव. हिला सांगू, तुझा गुडघा चोळायला येतो म्हणून. साडूभाऊंच्या पुढच्या फेरीआधी मला आलंच पाहिजे.

शेवटचं ता. क. – पाकीट चिकटवणार तेवढ्यात हिने पत्र वाचलं. पोट धरून हसली. मग म्हणाली, ते चार रविवार शिवण नव्हतंच, ती तुझ्याकडे जीप शिकत होती, वाळूसकट! आणि तू, माझा सख्खा भाऊ, मला किल्ली देताना हूं की चूं केलं नाहीस! मला का नाही सांगितलं, असं हिला विचारलं, तर म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटलं असतं." वाटलंच असतं. आत्ताही वाटतंय. मग जाताना त्यांच्या गाडीत का बसलीस, तेही विचारून टाकलं. म्हणाली, "तुमचे टम्म टायर बघितले होते मी. सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

तेव्हा दादा, शिकवणी रद्द. हीच शिकवणार आहे. जीप एवढा रविवार आमच्याकडेच राहू दे. किल्ली मी तिला देऊन टाकली आहे. मी शेजारी बसेन.