कडुनिंबाची फांदी आणि माझी दहा मिनिटं

घुग्घुस, एप्रिल अखेर

आदरणीय निशात आपा,

धाकट्या भावाचा, सादिकचा, आदबीने सलाम. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? जाहिद दूल्हाभाईंची साखर कशी आहे? (त्यांच्या खिशातल्या पेढ्यांची चौकशी मी करत नाही.) इकडे कोळशाची धूळ भरपूर, पाणी दिवसाआड, बाकी खुशाल.

शगुफ्ताच्या निकाहाचं आमंत्रण मिळालं. खाली तुमच्या हातची ओळ, "सादिक, ये, पण भाषण करायचं नाई," तीही मिळाली. मान्य आहे, मंगनीच्या दिवशी मी स्त्रीशिक्षणावर बोललो आणि नवऱ्या मुलाचे आजोबा खुर्चीतच असे झोपले, की लोकांनी घाबरून त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. पण आपा, तो सादिक आता उरला नाही. मला फक्त दहा मिनिटं हवीत. का, ते ऐका.

फाल्गुनात गडचिरोलीच्या सभेत 'जंगल वाचवा' म्हणून गरजताना माझा घसा बसला. डॉक्टरांनी बोलणं बंद केलं. (त्याच संध्याकाळी तुमच्या भावजयीने, नूरीने, डॉक्टरांकडे डबाभर शीरखुर्मा पाठवला. योगायोग असेल.) तेव्हा तुमच्या लेकीचा, शगुफ्ताचा, निरोप आला: "मामू, बोलता येत नाई तं हायकू लिहा. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, अन् समोर दिसते तेच." मी तासाभरात लिहिलं:

उठा वृक्षांनो
शोषकांना गाडून
टाका मातीत

तिचं उत्तर आलं, "मामू, हे तं भाषणच आहे, तुकडे पाडलेलं. याच्यात झाड कुठी आहे?"

मी चिडलो आणि सुगंधी पळसावर लिहिलं. "वास घेतला काय तुम्ही?" तिने विचारलं. आता पुराव्याशिवाय बोलू नये, हे मीच सभासभांत सांगतो. निघालो. रस्त्याकडेच्या पळसाची फांदी ओढून फुलात नाक घातलं. वास कसलाच नाही, मुंगी मात्र थेट आत! मी शिंकत, हात झाडत राहिलो. पाळी सुटलेले खाणकामगार मोटारसायकली थांबवून जमले; सादिकभाऊंची सभा सुरू झाली असं त्यांना वाटलं. एकाने टाळ्याही वाजवल्या. "भाऊ, आज आवाज काऊन नाई?" मी फूल पुढे केलं. ती आडदांड माणसं एकेक करून त्यात डोकावली. "अबे, हे तं पोपटाची चोच हाय!" माझ्या कुठल्याही सभेत एवढी शांतता झाली नव्हती. घरी येऊन लिहिलं:

काळ्या धुळीत
पळसाच्या फुलात
मुंगी एकटी

शगुफ्ताने फक्त "वा मामू" एवढंच पाठवलं. त्या दोन शब्दांवर मी अंगणात नाचलो (बनियनवर, नूरी साक्षीदार आहे). आपा, मी ठणकावून सांगतो, ज्याला अक्षरं मोजून लिहायचं आहे त्याला 'निसर्ग', 'वनसंपदा' असले ढोल परवडत नाहीत. त्याला एकच फूल, एकच पक्षी घेऊन बघतच बसावं लागतं. आता मला मोहाचं फूल पडताना ऐकू येतं. साळुंकी कशी चालते ते कळतं (निवडून आलेल्या सरपंचासारखी). म्हणून दहा मिनिटं, एक हायकू, बस.

तुमचा आज्ञाधारक,
सादिक

ता. क. हायकूला थोडी प्रस्तावना लागते. पंचवीस मिनिटं धरा. माईक मी आणतो.

ता. क. दुसरा. खरं तर पत्र यासाठी नाहीच. रविवारी माईकची जागा बघायला मी गुपचूप तुमच्या अंगणात आलो, तेव्हा दूल्हाभाई मांडवासाठी कडुनिंबाची खालची फांदी तोडायचं म्हणत होते. तिच्या बेचक्यात कोतवाल पक्ष्याचं घरटं आहे, वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं. काठावर तीन उघड्या चोची. मी तिथेच सांगणार होतो, पण त्या काळ्या, दुभंगल्या शेपटीच्या बापाने माझ्या टोपीवर अशी झडप घातली की मी भाषणाविना पळालो. आपा, मांडव हातभर सरकवा, फांदी राहू द्या. बदल्यात माझी पंचवीसही मिनिटं घ्या, दहाही घ्या, माईकही आणत नाही. निकाहाच्या दिवशी ती पिल्लं आणि मी तोंड उघडू, ते फक्त खाण्यासाठी.