मरळ, रबरी बेडूक आणि चिकूचा हात

मसोली, डहाणू रोड
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय बकू (चारचौघांत सौ. बकुळावन्सं),

आधी तुझ्या दुखऱ्या खांद्याला नमस्कार, मग तुला. तू आणि उमेशराव बडोद्याला सुखरूप असाल आणि तुझ्या खांद्याचा व्यायाम करून घ्यायला येणारा तो फिजिओवाला मुलगा तुला कमी ओरडत असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही दोघं गोळ्या वेळेवर घेतो आणि चष्मे वेळेवर हरवतो.

काल एकदम आठवलं. आपण आठवीत होतो, शाळा सुटली होती आणि तू मसोलीच्या तळ्याकाठी बांबूची काठी धरून उभी होतीस. दोन्ही दप्तरं माझ्या खांद्यावर. गळ म्हणून तुझ्या शाळेच्या बिल्ल्याची वाकवलेली पिन, आमिष म्हणून माझ्या डब्यातल्या पावाची गोळी. बराच वेळ काही लागलं नाही. शेवटी तू म्हणालीस, "वसू, माशांचीपण शाळा सुटली असेल, घरी गेले असतील," आणि आपण चिंचा खात परत आलो. दुसऱ्या दिवशी सिस्टर रोझलिननी बिल्ला वाकडा कसा झाला विचारलं, तर तू मान खाली घालून सांगितलंस, "प्रार्थना करताना वाकला, सिस्टर." (मी तेव्हापासून तुला घाबरून आहे. तुझ्या भावाशी, म्हणजे अण्णांशी, लग्न केलं ते त्याच भीतीने.)

तर मागच्या आठवड्यात फोनवर तू म्हणालीस की यंदा भाऊबीजेला येत नाही. हात खांद्याच्या वर जात नाही, ओवाळता येत नाही, मग नुसती बसायला कशाला येऊ? मी बरं म्हटलं. अण्णांना सांगितलं. तेही बरं म्हणाले आणि त्यांनी सगळा पेपर वाचून काढला, अगदी पालघरला कुणाला जुना पंप विकायचा आहे तिथपर्यंत. तेव्हापासून ते असेच आहेत. चहा समोर ठेवला की "कुणी केला?" विचारतात. पण हे पत्र तुला बोलावण्यासाठी नाही हो. तुझा निर्णय आम्हाला मान्य आहे. मी लिहिते आहे ती मासे पकडण्याच्या रॉडविषयी, आणि कागदावर लिहिते आहे कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तू दोन निळ्या खुणा दाखवून गप्प बसतेस.

आपल्या जतीनला (माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा, म्हणजे तुझा भाचाच; वापीला नोकरी करतो तो) या रॉडचं वेड लागलं आहे. त्याची बायको भाविका म्हणते, घरात माणसं खाली गादी घालून झोपतात आणि ह्यांचे रॉड पलंगावर. अण्णांचा चेहरा बघून तो म्हणाला, चला काका, कैनाडच्या वाडीतल्या तळ्यात मरळ आहेत, जरा गळ टाकू. अण्णा म्हणाले, तुझी काकी आली तर येतो. मी का हवी होते कोण जाणे. बहुतेक मासा लागला नाही तर दोष कुणाला द्यायचा, म्हणून.

मी म्हटलं, येते, पण रॉड मी निवडणार. वापीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बेन, कई माछली माटे जोईए छे?" मी म्हटलं, मोठ्यात मोठा मासा असेल त्याच्यासाठी. त्याने रॉड मांडले. आता मला काठीतलं काय कळतं? चिकूची बेडणी कळते. इतकी वर्षं वाडीत त्या लांब बांबूच्या टोकाच्या जाळीत फळ घेऊन, हलका पीळ देऊन, अलगद खाली ओढलं आहे. तेव्हा मी प्रत्येक रॉड छताकडे उभा धरला, हलका पीळ दिला आणि अलगद खाली ओढला. (वरचा पंखा चालू नव्हता, ही देवाची कृपा.) जो अजिबात वाकला नाही, तो घेतला. जतीन म्हणत होता, "काकी, एक रॉड सगळ्याला चालत नाही. आमिष कसलं, त्यावर रॉड." मी म्हटलं, बेडणी एकच असते, तिने सगळ्या बागेचे चिकू उतरतात.

पहिल्या दिवशी त्याने मला पत्र्याची इवलीशी चकती दिली, पाण्यात ओढली की गरगर फिरते, मासा भुलतो. मी ताकद लावून भिरकावली. ती माझ्याच चपलेवर पडली. दुसऱ्यांदा अण्णांच्या टोपीवर. अण्णा म्हणाले, "मला पकडून बरीच वर्षं झाली, आता पुढे बघ." ताठ रॉडला एवढंसं वजन जाणवतच नाही, तो वाकत नाही आणि फेकतही नाही. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, किती ग्रॅमचं आमिष या रॉडला. ते मी चष्म्याशिवाय वाचलं होतं, म्हणजे वाचलं नव्हतं.

मग जतीनचा मऊ, हलका रॉड घेतला आणि हट्टाने त्याला रबरी बेडूक बांधला, चांगला गलेलठ्ठ. रॉड मागे वाकला तो वाकलाच, आणि बेडूक निघाला उलट्या दिशेला. चिकूच्या शेंड्यावर जाऊन बसला. सोमी, आपल्या वाडीत काम करते ती, खालून ओरडली, "बाय, चिकू पिकला नाय नि बेंडूक पिकला!" तो बेडणीनेच उतरवला. पीळ देऊन, अलगद.

शेवटी बेडूक ताठ रॉडला बांधला, जसा बांधायचा असतो. कमळाच्या पानांवरून तो टुणटुण आणला आणि बकू, पाणी फुटलं! मरळीने बेडूक गिळला. माझ्या दंडाएवढी मरळ. जतीन ओरडतो आहे, "हिसडा द्या काकी, जोरात!" आणि मी काय केलं असेल? हलका पीळ दिला आणि अलगद खाली ओढलं. मरळ बेडूक थुंकून निघून गेली. पानांतून मासा ओढून काढायला ताठ रॉड आणि सणसणीत हिसडा लागतो, आणि आपल्या घरातल्या बायकांच्या हाताला हिसडा ठाऊकच नाही. हिसडा दिला तर चिकू पडतो, ठेचतो, चीक गळतो. सासूबाईंनी, म्हणजे तुझ्या आईने, आपल्या दोघींना हेच तर शिकवलं ना?

पण ऐक. तीच इवलीशी चकती मऊ रॉडला बांधली. मनगटाने जरा उडवली, कोपर कुशीला चिकटलेलं. सुळ्ळकन गेली. तिचे गळ बारीक, हिसडा दिला तर माशाचं तोंड फाटून तो सुटतो; रॉडनेच वाकायचं, आपण नुसतं सावकाश ओढत राहायचं. चिकूसारखं. मरळ आली! अण्णा उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बकूला दाखवायला हवी होती."

बाकी सगळे ठीक. कळावे, लोभ आहेच, तो वाकतो पण तुटत नाही.

तुझी वसू

ता. क. सुटलेली मरळ माझ्या दंडाएवढी होती यावर अण्णांची हरकत आहे. पकडलेली मरळ जतीनच्या छोट्या रियाच्या दंडाएवढी होती यावर कुणाचीच नाही.

ता. क. नीट वाच: कोपर कुशीला चिकटलेलं. खांदा लागतच नाही. खुर्चीत बसूनही जमतं, मी बसून पाहिलं.

ता. क. आता खरं सांगते. अण्णा म्हणतात, भाऊबीजेला तू खुर्चीवर बस, ते खाली पाटावर बसतील, म्हणजे ताट खांद्याच्या वर न्यावंच लागणार नाही. काल त्यांनी बसून पाहिलं. बसले झकास. उठवायला जतीनला बोलावलं.

तेव्हा वाटणी अशी: ताठ रॉड जतीनला, त्याच्या हाताला हिसडा आहे. बेडूक गळ काढून रियाला. बेडणी सोमीला परत, ती दोनदा मागून गेली. पुढची मरळ भाविकाला, तिचा पलंग अडवल्याबद्दल. मऊ रॉड अण्णांनी नवा आणून दाराआड टांगला आहे, कुणाला हात लावू देत नाहीत. ती तुझी ओवाळणी. पोस्टाने पाठवणार नाही, ताटातच घालणार म्हणतात. रॉड सहा फुटी आहे. मी लग्नातली मोठी परात घासायला काढली आहे.