स्कानोची गवताची वाट

नर्सी, ता. १० डिसेंबर २०२४

ती. सौ. साधनाताईस, परमेश्वरचा सा. न. वि. वि.

ताई, माझं सगळं बदललं ते तीन तारखेला, भूगोलाच्या तासाला, सर हसले तेव्हा. डोंगरातल्या एका गावावर बोलायचं होतं. मी इटलीतलं स्कानो घेतलं. साडेतीन हजार फुटांवरचं दगडी गाव, आपल्यासारखंच मेंढ्यांवर जगलेलं. डोंगराचा कडा कोसळून नदी अडली, तिचं तिथं तळं झालं. थंडी पडली की गडी मेंढ्या घेऊन खाली मैदानात जायचे, उन्हाळ्याला वर यायचे. त्यांच्यासाठी राजानं शंभर मीटरहून रुंद गवताची वाट राखली होती. तिच्यात नांगर घालायची कोणाची छाती नव्हती. आपल्याला बांधावरून हाकलतात.

एवढं बोललो तर सर हसून म्हणाले, मेंढक्याच्या पोराला इटलीतबी मेंढ्याच दिसल्या. वर्ग हसला. मी नकाशा गुंडाळला, दार आपटलं अन्‌ कॉलेज सोडून आलो. रागिणी दुसऱ्या बाकावर होती. तीबी हसलीच असंल. तिच्या बापाला, उत्तमरावांना, खतासाठी रानात आपल्या मेंढ्या बसवलेल्या चालतात. मेंढका चालत न्हाई.

आप्पा माफी माग म्हणतात, माझा फोनबी काढून घेतला, म्हणून हे पत्र रामसिंगच्या दुधाच्या गाडीनं पाठवून राहिलो. सोमवारपर्यंत माफीनामा दिला न्हाई तर कॉलेजातून नाव कमी होणार. होऊ दे. दाजींना नमस्कार.

तुझा परमेश्वर


कळमनुरी, ता. १३ डिसेंबर

चि. परमेश्वरास ताईचे अनेक आशीर्वाद.

लहानपणी जेवणावर रुसून मेंढवाड्यात बसायचास अन्‌ भूक लागली की खोकायचास. अजून तसाच आहेस.

काल बाजारात रागिणी भेटली, मामाकडं आली होती. मिरच्या निवडता निवडता म्हणाली, ती हसली न्हाई. तिचा हात वर होता. गडी सहा महिने मेंढ्यांमागं, मग तेवढे दिवस ते गाव कोण चालवायचं, हे तिला विचारायचं होतं. तू थांबलाच न्हाईस. वर म्हणाली, तुमच्या भावाला मेंढ्यांची वाट ठाऊक, बायांची न्हाई. मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. सोमवारी ती वर्गात आहे. आप्पांचं ऐक असं मी म्हणत न्हाई, पण पोरीचा प्रश्न टांगता ठेवू नये.

तब्येतीला जप, डोक्याला जास्त.

तुझी ताई


नर्सी, सोमवार, ता. १६

ती. ताईस सा. न.

उत्तर माझ्याजवळ होतं, मीच ते पान सोडून दिलं होतं. गडी खाली गेले की स्कानो बायाच चालवायच्या. बर्फातून लाकडं आणायच्या, लोकर रंगवायच्या, विणायच्या, लेकरं अन्‌ म्हातारी माणसं सांभाळायच्या. आप्पा मेंढ्यांमागं असताना आईनं दरसाल हेच केलं, अन्‌ मला ते लिहावंसं वाटलं न्हाई. सर हसले ही चूक त्यांची, ही माझी.

आप्पांनी कोरा कागद पुढं ठेवला, माफीनामा लिही म्हणाले. मी त्यावर स्कानोतल्या बायांचं लिहिलं, शेवटी आईचं. आप्पांनी वाचलं, आईच्या नावापाशी थांबले अन्‌ कागद घडी करून माझ्याच खिशात घातला.

आज वर्गात उभा राहून, जिथं तुटलं तिथून बोलणार. माफी मागणार न्हाई. नाव काढायचं तर काढा, पण रागिणीचं उत्तर ऐकून घेतल्यावर.

तुझी माया आहे तेवढीच असू दे, जास्तीची लागली तर खोकेन. रामसिंग हॉर्न वाजवून राहिला. नकाशा काखेत घेतला, निघालो. दार ओढून घेतोय, यावेळी हळू.

तुझा परमेश्वर