घरचं मूल धरत नाहीत

नोव्हाय, ऑक्टोबर २००६

कॅरलबाई,

मराठीत लिहितेय, म्हणजे हे तुम्हाला पाठवायचा प्रश्नच नाही.

सकाळी तुम्ही सरकारतर्फे माझं घरातलं डेकेअर तपासायला आलात. दीड वर्षाखालची तीन बाळं बघून म्हणालात, "दोनच चालतात." मी म्हटलं, लोकांची दोनच आहेत, कबीर आणि आणखी एक; तिसरी माझी नात. आमच्याकडे पंगतीची पानं मोजताना घरच्यांना धरत नाहीत. तुम्ही म्हणालात, घरचं मूलही धरायचं.

म्हणजे एकाला काढायचं. लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "सीरियसली, आई? कबीरला काढ ना!" दिवसभर तुमच्या नियमाला शिव्या घातल्या. पाठ दुखतेय, भांडायचंही त्राण नाही. शेवटी संध्याकाळी लेकीलाच म्हटलं, तू दुसरी सोय बघ. तिने फोन आपटला. नातीलाच का काढलं, ते तिला सांगितलं नाही.

तुम्ही यायच्या जरा आधी तिघंही एकदम रडायला लागली होती. मी धावत जाऊन नातीला उचललं. ती शांत झाल्यावर वळले, तर कबीर रडून रडून आपला आपणच गप्प झाला होता, माझ्याकडे बघत.

दोनच हातांची,
विमल साठ्ये