आईपर्यंतचं अंतर

३ मार्च, दुपार.
ताईला होल्डवर ठेवून अंतर मोजायच्या साइटवर इथला आणि तिथला विमानतळ टाकला. १२,६४० किलोमीटर. परत लाइनवर आलो तेव्हा ती आईच्या हृदयाच्या झडपेबद्दल बोलत होती. ऑपरेशन १९ तारखेला, सकाळी आठला. आईचं एकच म्हणणं, आत नेण्याआधी मी दिसायला हवा. म्हणालो, येतोच. ताई म्हणाली, चार वर्षं येतोयस.

५ मार्च.
तिकीट काढलं नाही. घाई नको. बस कंपनीत अकरा वर्षं वेळापत्रकं बनवतोय. घाईत ठरवलेला मार्ग कधी धड चालत नाही. इथून तिथे १९ तास ५० मिनिटं. तिथून इथे वारा पाठीशी, म्हणून १७ तास ५. पहिला आकडा पाहिला की पान बंद करतो. दुसरा बरा वाटतो. स्क्रीनवर तोच उघडा ठेवतो.

८ मार्च.
बायको म्हणाली, तिकीट काढ. म्हणालो, मधे विमान बदलायला फक्त पंचावन्न मिनिटं आहेत, पुढचं चुकलं तर? ती म्हणाली, आधी निघ तरी, मग चुकव. चेष्टा. दुर्लक्ष केलं.

११ मार्च.
आईचा फोन. विचारलं, किती लांब रे? किलोमीटर सांगितले. म्हणाली, ते राहू दे, किती झोपा होतात? म्हणालो, दोन. म्हणाली, मग काही फार नाही. जेवण गेलं नाही.

१४ मार्च.
काढलं! १७ तारखेचं, १७ तास ५ मिनिटांचं. ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, खरंच? लागलं मनाला. बायकोला तिकीट दाखवलं नाही. चेष्टा करणाऱ्यांना दाखवायचं नाही.

१७ मार्च, विमानतळ.
काउंटरवरच्या बाईंनी तिकीट तीनदा वाचलं. म्हणाल्या, हे विमान इथून सुटत नाही, तिथून सुटून इथे येतं. म्हणालो, अंतर तेवढंच आहे. म्हणाल्या, हो, पण तुम्ही चुकीच्या टोकाला उभे आहात. आजची सगळी विमानं भरलेली. उद्या दुपारी एक जागा आहे, काढू का? ते तिथे उतरतं १९ला सकाळी अकराला. म्हणालो, आईचं ऑपरेशन आठला, उपयोग नाही. बाई म्हणाल्या, शुद्धीवर येतील तेव्हा तरी दिसाल. म्हणालो, वेळेत बसत नाही. मागचा माणूस खाकरला. बाजूला झालो.

१८ मार्च, संध्याकाळ.
ताईला मेसेज केला: तांत्रिक अडचण, पोचत नाही. यात खोटं काही नाही. तिनं वाचला. बायकोनं माझी बॅग कपाटावर ठेवली, भरलेली तशीच. दुपारचं विमान वेळेवर सुटलं. सहज पाहिलं. ती एक जागा कोणी घेतली, ते कळायला मार्ग नाही.

१९ मार्च.
रजा मंजूर होती, तरी ऑफिसला गेलो. साहेब म्हणाले, तुम्ही इथे कसे? म्हणालो, काम होतं. वेळापत्रकात एकच बसफेरी दोनदा लावली. ताईला फोन करावासा वाटला. ती गडबडीत असेल. नाही केला.

२० मार्च, सकाळ.
ताईचा फोन. ऑपरेशन नीट झालं. आत नेताना आईनं विचारलं, कुठवर आला? ताईनं सांगितलं, विमानात आहे. शुद्धीवर आल्यावर पुन्हा तेच विचारलं. ताईनं पुन्हा तेच सांगितलं. आता तुला अजून किती तास विमानात ठेवू, असं तिनं मला विचारलं.
म्हणालो, बघून सांगतो.