एका डब्यात वेल्हं

११ जानेवारी १९४२, भोर

भाचा बाजी येऊन गेला — भाचा कसला, सख्ख्या भावाचा मुलगा, पण वागणं परक्याचं! चहा पुढ्यात यायच्या आधीच म्हणाला, "आत्या, तुझी ती खोली फार पेट्रोल खाते."

माझी चाकांवरची खोली! शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या सुताराकडून जुन्या लॉरीच्या चाकांवर बांधून घेतली. मोटरीमागे जोडायची, हव्या त्या गावी नेऊन राहायचं. मोटर बाजीची. "वर्षातून दोनदा ओढून नेईन" हा शब्दही त्याचाच. आता लढाई आली, पेट्रोलला कूपनं आली, आणि शब्द फिरला. म्हणे नुसती मोटर जेवढ्या पेट्रोलात पुण्याला जाऊन येते, तेवढ्यात खोलीसकट फक्त जाते. एक लष्करी कंत्राटदार खोली विकत घ्यायला तयार आहे. आणि मी? "पुण्याला आमच्या मागच्या खोलीत राहा. मुलांचं इंग्रजीही सुधारेल."

फुकटची मास्तरीण!

भांडून भांडून एवढं पदरात पाडलं — पेट्रोलचा एक डबा. तेवढ्यात खोली ओढत वेल्हं गाठलं, तर ती विकायची नाही. नाही गाठलं, तर मी मुकाट्यानं पुण्याला. 'मुकाट्यानं' हा शब्द त्याचा.

१३ जानेवारी

ओझं कमी करायला खोलीतला लोखंडी पलंग काढला. पाण्याची टाकी रिकामी केली. वेल्ह्याला पाणी आहे. चाकांत हवा भरून घेतली. संध्याकाळी ट्रंकही उतरवली. पुस्तकांना हात लावला नाही.

१४ जानेवारी

बाजीचा ड्रायव्हर चिमाजी मोटर घेऊन आला — एक दिवस उशिरा. संक्रांत आहे, म्हणून त्याला उद्या बोलायचं ठरवलं.

१६ जानेवारी, वेल्हे

पोचलो. कसे ते लिहिते.

मोटरीच्या रिकाम्या टाकीत डबा ओतला आणि चिमाजीला बजावलं — हळू! खोलीचं तोंड भिंतीसारखं सपाट. वेगात सगळा वारा छातीवर घेते, आणि पेट्रोल जास्त जळतं.

"वारा काय पेट्रोल पितोय व्हय, बाईसाहेब?"

"पितो. हळू!"

नसरापूरला टाकीत काठी बुडवून पाहिली. भरपूर शिल्लक! इथे चिमाजीला अक्कल सुचली. पुढच्या उताराला त्यानं इंजिनच बंद केलं — तेवढंच वाचेल म्हणून. पण मागून खोली ढकलते आहे! मोटर आवरेना. समोर रस्ताभर मेंढरं. त्यानं ब्रेक दाबला, खोली आडवी फिरली आणि चाक चरात गेलं. कुणाला लागलं नाही. मेंढरं मात्र चौखूर उधळली.

त्यांची मालकीण भामाबाई, हातात काठी. "ह्ये घर हाय का गाडी?"

"दोन्ही," मी म्हणाले.

"मंग सांबाळून हाका की! आमी बी घर घिऊनच फिरतो. पर लोकाच्या मेंढरावर न्हाई घालत."

मला कुणी असं बोलल्याला बरीच वर्षं झाली. बाई बरोबर होती.

चरातून निघायला अर्धा तास इंजिन नुसतं गुरगुरत होतं. वाचवलेलं सगळं तिथेच जळलं. वेल्हं दिसू लागलं आणि मोटर बंद पडली. पुढच्या पासली गावचा कोंडिबा बैल घेऊन घरी चालला होता. त्यानं दोर बांधला. मोटर, खोली आणि मी — सगळी वरात बैलांनी गावात आणली.

चिमाजी खूश. "गाठलं की वेल्हं! डबा येकच. बैलाचं सायबांनी कुठं काय म्हनलंय?"

शब्द न् शब्द खरा! असलंच खरं बोलणाऱ्या किती मुलींना मी बाकावर उभं केलं असेल. कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी तर मलाच केलं होतं. तरी आज चिमाजीला लगेच 'नाही' म्हणवलं नाही.

१७ जानेवारी

चिमाजीच्या परतीसाठी बाजीनं वेगळा दिलेला डबा मी कुलपात ठेवला होता, तो काढून दिला. चिमाजी नुसती मोटर घेऊन निघाला. त्याला म्हटलं, बाजीला झालं तसं सांग.

"बैलाचं बी?"

"बैलांचं आधी."

२० जानेवारी

दारातून तोरणा दिसतो. बाजीच्या मागच्या खोलीतून शेजाऱ्यांचा संडास दिसतो.

२५ जानेवारी

निरोप नाही. पुस्तकं बांधून ठेवली. पुन्हा सोडली.

२९ जानेवारी

बाजी आला — नसरापूरपासून बैलगाडीत बसून! कूपनं आणखी कमी झाली. मोटर विकली. कंत्राटदारही माघारला, म्हणतो, खोली ओढून न्यायला पेट्रोल कुठून आणू? मग बाजी चाकावर हात ठेवून म्हणाला, "आत्या, सुट्टीत मुलांना तुझ्याकडे पाठवू?"

पाठव म्हटलं. उद्या पासलीला निघते. खोली ओढायला कोंडिबाचे बैल आहेत. त्यांना 'हळू' म्हणून सांगावं लागत नाही.